लागोसमध्ये अफ्रोबीट्स ऐकावे, पण सावध कसे राहावे?

प्रश्न

नोकरीनिमित्त गेल्या सहा महिन्यांपासून मी नायजेरियातल्या लागोसमध्ये राहतो. रोज सकाळी थर्ड मेनलँड ब्रिज ओलांडून बेटावरच्या कार्यालयात जातो. पूल जेमतेम १२ किलोमीटरचा, पण गर्दीत अडकलो की तासभर सहज जातो. सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे मी अफ्रोबीट्स, म्हणजे इथले आजचे लोकप्रिय पॉप संगीत, ऐकू लागलो आणि मनाला खरोखर उभारी आली. मात्र मागच्या आठवड्यात डान्फोमध्ये, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसमध्ये, इअरफोन लावून बसलो असताना खिशातले पाकीट कधी गेले, ते कळलेच नाही. उमेद देणारी कोणती गाणी ऐकावीत आणि ती ऐकतानाही सावध कसे राहावे?

उत्तर १

पाकीट गेल्याचे वाचून वाईट वाटले. मी इथे अकरा वर्षे राहते, म्हणून आग्रहाने सांगते की डान्फोमध्ये इअरफोन लावूच नका. त्या पिवळ्या गाडीत कानांना डोळ्यांइतकेच काम असते. दाराला लटकलेला कंडक्टर थांब्यांची नावे ओरडत असतो, सुटे पैसे हातात घेऊनच चढायला बजावतो, आणि उतरायचे असल्यास आपल्यालाच ‘ओवा!’ अशी हाक द्यावी लागते. (सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत ऐकली की मला मुंबईची बस आठवते.) इथल्या पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीवर आधारलेल्या बोलीत, ‘शाइन युअर आय’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांत तेल घालून राहा. गाणी घरून निघण्यापूर्वी ऐका. डान्फोत बहुतेक वेळा चालकाने लावलेली असतातच.

उत्तर २

गाण्यांविषयी लिहितो. नायजेरियन गायक विझकिडचे २०१४ मधील ‘ओजुएलेग्बा’ आधी ऐका. ओजुएलेग्बा हा सुरुलेरे भागातला गजबजलेला चौक आहे, आणि हा गायक त्याच सुरुलेरेत वाढला. उमेदवारीच्या दिवसांतला स्टुडिओ, हालअपेष्टा सोसत प्रार्थना करणारी माणसे आणि मिळालेल्या यशाबद्दलची कृतज्ञता हे सारे त्यात इतक्या शांत लयीत येते की उपदेश केल्यासारखे कुठेच वाटत नाही. त्यानंतर इथल्याच बर्ना बॉय या गायकाचे २०१९ मधील ‘डांगोटे’ ऐका. उद्योगपती डांगोटे हा आफ्रिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस जर अजून पैशासाठी धडपडतो आहे, तर आपण स्वस्थ का बसावे, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. सोमवारी सकाळी मला हेच गाणे अंथरुणातून उठवते.

उत्तर ३

एक भर घालतो. नायजेरियाचे दिवंगत संगीतकार फेला कुटी यांचे संगीत ते ‘अफ्रोबीट’, शेवटच्या ‘स’विना, आजचे ‘अफ्रोबीट्स’ हे त्याहून वेगळे आहे. फेलांच्या रचना अनेकदा दहा मिनिटांहून लांब असतात आणि त्यांत त्यांचे ड्रमवादक टोनी ॲलन यांचे ड्रम ऐकणे हाच लक्ष एकाग्र करण्याचा उत्तम सराव आहे, कारण त्यांचे हातपाय जणू चार वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे वाजतात. एका वेळी एकाच हाताचा माग घ्या. मी तबला शिकलो आहे, तरीही पहिल्या खेपेस माझी मात्रा चुकली होती.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज इअरफोन घरीच ठेवले. पुलावर चालकाने ‘ओजुएलेग्बा’च लावले होते आणि शेजारच्या आजी हळू आवाजात ते म्हणत होत्या.