वीस वर्षं वस्तीत काढलेल्या कार्यकर्त्यांना संस्थेने निरोप द्यावा का?

वस्तीवाली

गरिबांच्या घरांसाठी काम करणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेत सध्या एक ठराव आलाय. नाव देत नाही, कारण प्रश्न तिच्यापुरता नाही. वीस वर्षांहून जास्त काळ वस्तीत काम केलेल्या पाच कार्यकर्त्यांना मार्चनंतर मुदतवाढ द्यायची नाही, त्यांच्या जागी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं अकरा महिन्यांच्या करारावर घ्यायची. कारणं अशी की त्यांना टॅबवर सर्व्हे भरता येत नाही, इंग्रजीत अहवाल लिहिता येत नाही, आणि देणगीदारांना नवे चेहरे हवेत. मी तिथे हिशेब बघते. मला हा ठराव मुळातच चुकीचा वाटतो.

घराचं काम किती लांबतं हे बाहेरच्यांना कळत नाही. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची, एक योजना घ्या. लोकांची संमती, परिशिष्ट-2 (पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी), त्यावरची अपिलं, झोपडं रिकामं करणं, संक्रमण शिबिर किंवा भाडं, मग कधीतरी ताबा. दहा वर्षं लागली तरी कुणाला नवल वाटत नाही. प्रकल्पाचा निधी मात्र तीन वर्षांचा. मधल्या काळात बिल्डर बदलतो, अधिकारी बदलतात, फाईल गहाळ होते. वस्तीतली कार्यकर्ती तेवढी जागेवर असते.

गेल्या पावसाळ्यात पात्रतेच्या एका सुनावणीला मी आमच्या एका ताईंसोबत गेले होते. अर्जदार बाई विधवा. 1976 च्या झोपडपट्टी गणनेच्या फोटोपासवर (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) सासऱ्याचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं घरातलं नाव, वीजबिलावर तिसरंच. अधिकारी 'अपात्र' लिहिणारच होते. ताईंनी पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढला. त्यात जुन्या बचतगटाची वही होती, नवऱ्याची दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिलेली. मग डावी-उजवीकडच्या झोपड्यांचे सर्व्हे क्रमांक त्यांनी तोंडपाठ सांगितले. ती दोन्ही कुटुंबं आधीच पात्र ठरलेली. अधिकाऱ्यांनी फाईल बाजूला ठेवून पुढची तारीख दिली. शिक्का त्या दिवशी टळला.

ही माहिती कुठल्याच टॅबमध्ये नाही. आणि ही माणसं घालवून आपण ती परत मिळवू शकणार नाही.

विश्वस्त_नाशिक

ताई, तळमळ पोचली. पण मी एका ट्रस्टवर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने आलेला परदेशी निधी लहान संस्थेला देणंही बंद झालं. आमच्यासारखे कितीतरी ट्रस्ट अशा निधीवर उभे होते. पगारवाढ कुठून द्यायची? संस्था लोकांना घरं मिळवून देण्यासाठी नोंदवलेली आहे, कुणाला आयुष्यभराची नोकरी देण्यासाठी नाही.

शिवाय तुमच्याच प्रसंगातून मला वेगळं दिसतं. तो गठ्ठा ताईंच्या पिशवीत का होता? संस्थेच्या कपाटात का नव्हता? उद्या ताई आजारी पडल्या तर त्या विधवेचं घर गेलं. अशा भरवशावर लोकांची घरं ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

रुळाकाठचा

मी रेल्वेच्या पट्टीत वाढलो, आता मानखुर्दला पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये राहतो. इथे कुणी आमचं म्हणणं विचारलं नाही म्हणून लिहितो.

जुन्या कार्यकर्त्यांचे उपकार आहेत, नाकारत नाही. पण आमच्याकडे पंधरा वर्षं एकाच बाईंच्या शब्दावर सगळं चाललं. यादी बघायची, ताईंना विचारा. पाण्याची तक्रार, ताईंना सांगा. मेंटेनन्सचा हिशेब मागितला की 'तुला काय कळतंय, तू तेव्हा चड्डीत होतास'. कमिटीत कोण बसणार हे त्या ठरवायच्या. ज्यांचं त्यांच्याशी पटलं नाही त्यांचे कागद मागे राहिले. पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, खाल्लेच नाहीत. पण वस्तीचं सगळं एका माणसाकडे अडकलं की ते माणूस बिल्डरइतकंच जड होतं. नवीन मुलं आली तर निदान यादी मागायला भीती वाटणार नाही.

फुटपाथ_ते_फ्लॅट

रुळाकाठचा, तुमचा राग समजतो, पण थोडं मागे जाऊ.

1984 मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली ती भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर. 1985 मध्ये त्यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि तरीही नोटीस देऊन फुटपाथ रिकामे करायला मुभा दिली. कोर्टाने दार अर्धवट उघडल्यावर उरलेलं काम कुणी केलं? महिला मिलन या बायकांच्या बचत संघटनेतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी. रोज दारोदार फिरून रुपया-दोन रुपये बचत गोळा करायची, म्हणजे कुणाच्या घरी आजार आहे, कोण गावी गेलंय, कुणाचं झोपडं भाड्याने दिलंय हे आपोआप कळायचं. पुढे एमयूटीपीत, म्हणजे मुंबईच्या रेल्वे-रस्ते वाहतूक प्रकल्पात, रुळाकाठची पंधरा हजारांवर कुटुंबं हलवली गेली, तेव्हा झोपड्या मोजण्याच्या, याद्या लावण्याच्या कामात हीच रीत उपयोगी पडली. त्यांच्यातल्या कित्येक जणी दशकानुदशकं तेच काम करत राहिल्या. एमएसडब्ल्यूची अट तेव्हा लावली असती तर यातली एकही आत आली नसती.

विश्वस्त_नाशिक

इतिहास मान्य. पण त्याच इतिहासातली दुसरी गोष्टही सांगा. स्पार्कसोबत काम करणारे झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांना 2000 साली मॅगसेसे मिळालं, 2018 मध्ये ते गेले. इतक्या मोठ्या माणसाच्या मागे काम चालू राहायचं तर ते आधीच अनेकांच्या हातात असावं लागतं. लहान संस्थांत तसं होत नाही. ज्येष्ठ माणूस खुर्ची सोडत नाही, आणि दुसरी फळी तयार होण्याआधीच निघून जाते. ठरावाची तारीख घाईची असेल, दिशा चुकीची नाही.

नवीन_फिल्डवर

मी त्या 'नव्या मुलां'पैकी. एमएसडब्ल्यू झालेय, पगार 22 हजार, करार अकरा महिन्यांचा.

पहिले काही आठवडे मी टॅब घेऊन वस्तीत गेले तर बायका मला घराबाहेरच उभं ठेवायच्या. किती माणसं राहतात विचारलं की प्रत्येक घरात चारच. सीनियर ताई सोबत आल्या तेव्हा खरे आकडे मिळाले, आणि चहाही. पण मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की याच ताई मला गप्प करतात. दोन्ही खरं आहे.

माझं म्हणणं एवढंच की आम्हाला त्यांच्या जागी आणू नका, त्यांच्या हाताखाली आणा. आणि अकरा महिन्यांत वस्ती कळत नाही. माझा करार संपेल तेव्हा माझ्या याद्या कुणाच्या पिशवीत जाणार, हे ठराव करणाऱ्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

वस्तीवाली

नाशिककर, पैशांचं आधी. सीएसआर निधीच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशांच्या, वेळीही 'पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च नको' असं सांगतात. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेला नाही. आपले लोक हे न विचारताच पगार कापून प्रस्ताव पाठवतात.

आता खरी मेख. ग्रॅच्युइटीचं गणित सगळ्यांना माहीत आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. 18 हजार वेतन आणि 22 वर्षं धरली तर सव्वादोन लाखांच्या वर रक्कम होते. पाच जणांचे साधारण साडेअकरा लाख. ती तरतूद ताळेबंदात कधी केलीच नाही. आणि आता म्हणतात, या बायका आधीची चौदा वर्षं मानधनावर होत्या, ती धरायची नाहीत. हजेरीपटावर सही रोजची, रजा मंजूर करून घ्यायची, सुनावणीला संस्थेचं पत्र घेऊन जायचं. मग ती नोकरी नव्हती तर काय होतं? दुसऱ्यांच्या घराचे कागद चौदा वर्षं सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर पीएफ नाही, याची मला शरम वाटते. नव्या नेतृत्वाची भाषा मला म्हणूनच पटत नाही. आधी देणं द्या, मग निवृत्तीचं बोला.

विश्वस्त_नाशिक

ग्रॅच्युइटीबद्दल वाद नाही. द्यायलाच हवी, मानधनाची वर्षं धरून. आमच्याकडे एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी थोडी रक्कम टाकतो. पण देणं चुकतं केल्यावरही मी म्हणेन की साठीनंतर फिल्डची जबाबदारी सोडावी. सल्लागार म्हणून राहावं.

वस्तीवाली

पाचांतल्या चौघी अजून साठीच्या आत आहेत.

रुळाकाठचा

ताई, तुमच्या बायकांना त्यांचे पैसे मिळायला पाहिजेत, यात माझी ना नाही. गरज पडली तर आमच्या बिल्डिंगमधून सह्याही देऊ. पण 'माहिती त्यांच्याकडेच आहे' हे तुम्ही त्यांना ठेवण्याचं कारण म्हणून सांगता, ते मला मान्य नाही. ती माहिती आमची आहे. आमच्या आयांची नावं, आमच्या झोपड्यांचे नंबर.

वस्तीवाली

बरोबर. मग काय करायचं ते सांगा, मी मीटिंगमध्ये मांडते.

रुळाकाठचा

प्रत्येक वस्तीच्या यादीची, सर्व्हेच्या नकाशाची आणि जुन्या बचत वह्यांची झेरॉक्स तिथल्या सोसायटीच्या किंवा कमिटीच्या ऑफिसात ठेवा. ज्याचे कागद त्याला बघायला मिळाले पाहिजेत, कुणाला न विचारता. जुन्या ताई आणि ही नवीन मुलगी मिळून ते करतील. त्यासाठी वर्ष लागलं तर एक वर्ष मुदतवाढ द्या, पगारासकट. आमच्या बिल्डिंगपासून सुरू करा.

नवीन_फिल्डवर

माझा करार ऑगस्टपर्यंत आहे. झेरॉक्सचं काम आत्तापासून घ्यायला मी तयार आहे, पण ताईंनी पिशवी उघडायला हवी. ते त्यांच्याशी तुम्हीच बोला, वस्तीवाली. माझं त्या ऐकणार नाहीत.

वस्तीवाली

सोमवारी बोलते. ग्रॅच्युइटीचं लेखी मिळाल्याशिवाय त्या उघडणार नाहीत, आणि त्याआधी उघडा असं मीही त्यांना सांगणार नाही.