दुर्गाबाई म्हणजे फक्त जोधाबाई नव्हे

अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्याबद्दल ‘दुर्गा खोटे म्हणजे मुघल-ए-आझममधली जोधाबाई, बाकी सगळ्या आईच्याच भूमिका’ असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. ती भूमिका १९६० ची. त्याच्या २८ वर्षं आधी, १९३२ मध्ये त्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती होत्या. तो चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित झाला, आणि पार्श्वगायन रुळायच्या आधीच्या त्या काळात गाणीही त्यांनी स्वतःच म्हटली. ‘अमरज्योती’तली सौदामिनी तर थेट समुद्रावरची बंडखोर! १९३६ साली अशी नायिका पडद्यावर आली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. शिवाय नट एकाच कंपनीचे पगारी नोकर असायचे त्या जमान्यात त्या प्रभातसाठीही काम करत आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठीही.

सहसा कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे त्यांची निर्मितीची बाजू. पुढे त्यांनी लघुपट, जाहिरातपट काढले. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची निर्मिती. तेव्हा बाईंनी ऐंशी ओलांडली होती, आणि फाळके पुरस्कारही मिळून गेला होता.