आमच्या कॉलेजचा पाच वर्षांचा आराखडा: आधी वेळापत्रक की आधी प्रवेश?

कृष्णाकाठ
तालुक्याच्या गावातलं अनुदानित कला-विज्ञान महाविद्यालय. मी माजी विद्यार्थी म्हणून संस्था विकास आराखड्याच्या समितीत आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४ मध्ये या आराखड्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून कॉलेजाकॉलेजांत हे काम चालू आहे. आमच्या मसुद्यात प्राधान्यक्रमांचीच दोन पानं भरलीत: स्मार्ट क्लासरूम, संशोधन केंद्र, बीसीए (संगणकाची पदवी), वातानुकूलित सभागृह, परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार. पैसा आणि माणसं कुठून आणायची, ते कुठेच नाही.

माझं मत असं की पहिली दोन वर्षं एकच काम हाती घ्यावं. कला आणि विज्ञानाचं वेळापत्रक एक करावं आणि त्या सामाईक तासांना विषयाचाच शिक्षक द्यावा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे, जे संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं, मुक्त निवडीचा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. भौतिकशास्त्राच्या मुलीने मराठी कविता शिकावी, इतिहासाच्या मुलाने हवामान समजून घ्यावं, यासाठीच ती सोय आहे. आमच्याकडे बीएचे तास सकाळी उरकतात आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल दुपारी. मग ज्या शिक्षकाला तास कमी पडतोय त्याला कोणताही विषय दिला जातो. पाटीवर ‘कला व विज्ञान’ असलं तरी आत दोन वेगळी कॉलेजं नांदतात. पुण्यामुंबईच्या खाजगी विद्यापीठांत असं मिश्र शिक्षण घ्यायला वर्षाला लाखांत फी मोजतात. आपल्याकडे दोन्ही शाखांचे शिक्षक एकाच आवारात आहेत.

जुना_अधीक्षक
कॉलेजच्या कार्यालयात आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट लिहितो. वेळापत्रक कितीही सुंदर केलंत, वर्गात पोरं नसतील तर उपयोग काय? विद्यार्थी घटले की कार्यभार, म्हणजे विभागाला शिकवायचे एकूण तास, घटतो, कार्यभार घटला की पद मंजूर होत नाही, आणि असलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालंय. मुलींच्या दृष्टीने निर्णय उत्तमच आहे. पण बीएस्सीला येणारी हुशार मुलगी आता फार्मसीला जाते, आणि आईबापांचं त्यात काही चुकत नाही. म्हणून आधी प्रवेश. बीसीए, डेटा सायन्स, जे लोक मागतात ते विनाअनुदानित तत्त्वावर सुरू करा. त्या फीवरच बाकीचा गाडा चालतो.

कृष्णाकाठ
अधीक्षक साहेब, कार्यभाराची साखळी तुम्ही सांगितलीत ती अगदी खरी आहे, आणि माझा मुद्दा त्या साखळीतूनच निघतो. बीएच्या मुलांनी भौतिकशास्त्र विभागाचा विषय घेतला तर त्या विभागाचा कार्यभार वाढतो. तिसऱ्या वर्षाला मोजकीच मुलं उरलेल्या विभागाला जगवायचा हाच रास्त मार्ग आहे.

बीसीएचं म्हणाल तर २०२४ मध्येच बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत गेले, सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि राज्यभर जागा रिकाम्या राहिल्या. कित्येक कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावं बदलून वाट काढली. ज्याचे नियम एका वर्षात असे फिरतात, त्याच्या फीवर इतिहास आणि वनस्पतिशास्त्र पोसायचं म्हणजे मोठा धोका आहे.

तासिकावाली
मी दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या चर्चेत ‘विषयाचाच शिक्षक द्यावा’ हे इतक्या सहज आलंय की थांबून लिहावंसं वाटलं. तो शिक्षक आहे कुठे? २०१७ ला भरतीबंदी झाली, २०२१ मध्ये राज्यात सहायक प्राध्यापकांच्या २०८८ पदांना मान्यता मिळाली, आणि तरीही विभागच्या विभाग आमच्यासारख्यांवर चालतात. आम्हाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुट्टीत काही नाही. मुलांशी तासानंतर बसलं, त्यांचा प्रकल्प वाचला, त्याचेही नाहीत. शाखा ओलांडून शिकवायचं तर दोन शिक्षकांनी मिळून अभ्यासक्रम बसवावा लागतो, आणि माझा तास संपला की मला दुसऱ्या गावची गाडी गाठायची असते. आराखड्यात पहिली ओळ रिक्त पदांची हवी: कोणती पदं, कोणत्या वर्षी, पाठपुरावा कोण करणार. सरकारची मंजुरी येईपर्यंत तरी संस्थेने आपल्या ठेवींतून आम्हाला बारा महिन्यांचं ठरावीक मानधन द्यावं. सभागृहाच्या एसीला पैसे आहेत म्हणता ना?

जुना_अधीक्षक
ठेवींचं व्याज किती येतं हे मी पाहिलंय, ताई. दोघा-तिघांना पुरेल, सगळ्यांना नाही. पण सभागृह वगळावं याला माझाही पाठिंबा.

एसटीपास
मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेळापत्रक एक करायचं म्हणजे तास दिवसभर पसरणार. आमच्या गावची शेवटची सोयीची गाडी पाचला आहे. आजच प्रॅक्टिकल लांबलं की आम्ही मुली स्टँडकडे धावतो. बारावीपर्यंत पास मोफत होता, आता सवलतीचा काढतो, तेही घरी बोलून बोलून. घरी पोचायला अंधार पडायला लागला तर माझ्या दोन मैत्रिणींचं कॉलेज नक्की बंद होईल. मला इतिहासाचा तास मनापासून आवडेल. पण मग मुलींचं वसतिगृह नाहीतर आगाराशी बोलून सहाची गाडी, यातलं काहीतरी आधी करा.

भाऊराव पाटलांनी १९४७ ला साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’वर. ज्याला फी परवडत नाही तो आत कसा येईल, हे त्यांनी आधी ठरवलं. आमच्या आराखड्यात विद्यार्थी कुठून आणि कसे येतात यावर एक तरी पान आहे का?

कृष्णाकाठ
नाही, मसुद्यात एसटीचा साधा उल्लेखही नाही. त्यामुळे सामाईक तास सकाळी साडेदहा ते साडेबारा या पट्ट्यातच ठेवायचे, आणि दुपारची प्रॅक्टिकल आजच्या वेळेपुढे जाऊ द्यायची नाहीत, असं लेखी सुचवतो. त्यासाठी बीएचे तास थोडे उशिरा सुरू करावे लागतील आणि कला शाखेतून विरोध होईल. पहिल्या वर्षी तीनच सामाईक विषय ठेवू, आणि त्यांतल्या शिक्षकांना ताई म्हणतात तसं ठरावीक मानधन. तेवढ्याला तर व्याज पुरेल?

जुना_अधीक्षक
तिघांना पुरेल. बीएचे तास उशिरा नेऊ नका मात्र. आपली निम्मी बीएची पोरं अकरानंतर दुकानात, नाहीतर शेतावर कामाला जातात. त्यांना साडेबारापर्यंत थांबवलंत तर प्रवेश तिथूनच गळायला लागतील, आणि मग मी आधी म्हटलं तिथेच आपण येऊ.

तासिकावाली
मग सामाईक तास सकाळी नऊला ठेवा. बीएस्सीच्या मुलांना लवकर यावं लागेल. गावांकडून नऊच्या आत पोचणारी गाडी आहे का, एसटीपास?

एसटीपास
आमच्याकडून साडेसातची आहे. पलीकडच्या वाड्यांचं विचारून सांगते.