डिस्टिलरीची जनसुनावणी: निवृत्त अधिकाऱ्यांची मदत नेमकी कशी घ्यायची?

सीनाकाठ यांचा प्रश्न:
मोहोळ तालुक्यात आमच्या गावाला लागून मोलॅसिसवरची (उसाच्या मळीपासून अल्कोहोल करणारी) नवी डिस्टिलरी येतेय, रोज ६० हजार लिटरची. जनसुनावणीची नोटीस पेपरात आली, आता २२ दिवस उरलेत. अमेरिकेत ईपीएमधून (तिथल्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेतून) निवृत्त झालेल्या लोकांनी २०१७ मध्ये एनव्हायर्नमेंटल प्रोटेक्शन नेटवर्क उभं केलं. नियम सैल करायचा मसुदा आला की ते लोक त्यावर तांत्रिक हरकती लिहून देतात. सोलापुरातही प्रदूषण मंडळ, भूजल आणि आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली जाणकार माणसं आहेत. दोघंजण मदतीला तयार आहेत. त्यांना कायद्याची काही आडकाठी आहे का? त्यांना सुनावणीत बोलायला उभं करायचं, की त्यांच्याकडून कागद तयार करून घ्यायचे?

होटगीरोड:
आडकाठी नाही. पेन्शन नियमातल्या ज्या बदलाची धास्ती घातली जाते, तो ३१ मे २०२१ चा बदल केंद्राच्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा संस्थांमधून निवृत्त झालेल्यांपुरता आहे. प्रदूषण मंडळ, भूजल, आरोग्य यांचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त नोकरीत असताना हाताखालून गेलेली गोपनीय फाइल किंवा तिची झेरॉक्स कुणी आणत असेल तर घेऊ नका. लागणारं बहुतेक सगळं परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण परवानग्यांच्या संकेतस्थळावर, उघड असतं.

एक गोष्ट मात्र तोंडावर विचारा: या कंपनीच्या किंवा तिच्या मालकाच्या दुसऱ्या कारखान्याच्या संमतीपत्रावर तुमची सही आहे का, आणि निवृत्तीनंतर कुठल्या सल्लागार कंपनीत काम करता का? असेल तर मदत घ्या, पण हरकतीवर त्यांचं नाव नको. समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

नावापेक्षा कागद महत्त्वाचा. वनसंवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीविरुद्ध माजी अधिकाऱ्यांनी पत्रं लिहिली, तरी दुरुस्ती संमत झाली. मग निवृत्त वनाधिकारी आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने सांगितलं की 'वन' शब्दाचा अर्थ १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन निकालाप्रमाणेच, म्हणजे शब्दकोशातल्या व्यापक अर्थाने, धरायचा. शिवाय राज्यांच्या तज्ज्ञ समित्यांनी नोंदवलेल्या वनांची माहिती जाहीर करायला लावली. कुठल्या साली कुठली समिती बसली आणि तिचा अहवाल कुठं असायला हवा, हे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पाठ असतं. तुमच्या त्या दोन निवृत्त साहेबांकडून हेच काढून घ्या.

नमुनाबाटली:
कंपनीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचं पाण्याच्या हिशोबाचं पान आधी उघडा. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश (मळीचं काळपट सांडपाणी) निघतो, त्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला लाखाच्या आसपास मिलिग्रॅम. तुमच्या प्रकल्पात १२ लिटर धरले तर रोज ७२० घनमीटर. अहवालात ८ धरले असतील तर ४८०. मधले २४० घनमीटर म्हणजे १० हजार लिटरचे २४ टँकर, रोजचे. आधुनिक किण्वन पद्धतीत आकडा खरंच खाली येतो, म्हणून आकडा खोटा म्हणू नका. यंत्र पुरवणाऱ्याची लेखी हमी कुठं जोडली आहे, एवढं विचारा.

दुसरं, बाष्पीभवन यंत्र आणि इन्सिनरेशन बॉयलर. घट्ट केलेला स्पेंटवॉश जाळला की त्यातल्या पोटॅशची राख बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. बाष्पीभवनाच्या नळ्यांवरही थर बसतो. म्हणून ही यंत्रं सफाईसाठी बंद ठेवावीच लागतात. "शून्य सांडपाणी" कागदावर असतं, नाल्यात काळं पाणी दिसतं ते बहुतेक अशा बंद दिवसांत. वर्षाला किती दिवस बंद, त्या दिवसांत डिस्टिलरीही बंद ठेवणार का, आणि साठवण टाकी किती दिवसांची, हे तीन प्रश्न लेखी द्या. परवानगीच्या अटीत साठवण साधारण पाच दिवसांपुरती असते. पंधरा दिवसांचा लगून (साठवण तलाव) दाखवला असेल तर तिथंच पकडा.

तिसरं, हवेच्या नोंदी. मार्च ते मेमध्ये घेतल्या असतील तर शेजारच्या साखर कारखान्यांची बहुतेक धुराडी बंद असताना घेतल्या. गाळप हंगामातला धूर त्यात नाही. गाळपातल्या नोंदी मागा. नोंदी अर्ज करताना तीन वर्षांपेक्षा जुन्या नकोत, ती तारीख तपासा.

विहिरींचं पाणी आत्ताच तपासून ठेवा, प्रकल्प यायच्या आधीचा पुरावा नंतर मिळत नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि भेगांचा बेसाल्ट आहे. पाणी भेगेने जातं, त्यामुळे लगतची विहीर स्वच्छ आणि अर्ध्या किलोमीटरवरची तांबूस असं होऊ शकतं. म्हणून उताराकडच्या चार-पाच आणि वरच्या बाजूची एक विहीर घ्या. टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, सल्फेट, पोटॅशियम, सीओडी आणि रंग तपासा. पोटॅशियम सोडू नका, मळीच्या पाण्याची खूण तीच. सीओडीची बाटली वेगळी, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली, आणि बर्फात. नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) असलेल्या प्रयोगशाळेत, पंचांच्या सहीने.

सीनाकाठ:
फार उपयोगी. आरोग्य खात्यातले साहेब म्हणतात, गावाला हिरवं कार्ड आहे ते हरकतीला जोडा. जोडू का?

पाणीपट्टी:
जोडू नका मालक. लाल, पिवळं, हिरवं कार्ड हे पाण्याच्या उद्भवाभोवतीच्या स्वच्छता सर्वेक्षणावर मिळतं: गळती, उकिरडा, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा, क्लोरिनेशन. पोटॅशियम किंवा सीओडीशी त्याचा संबंध नाही. उद्या तीच डिस्टिलरी सुरू झाल्यावर विहीर बिघडली तरी कार्ड हिरवंच राहील, आणि कंपनी तेच दाखवेल. साहेबांकडून त्याऐवजी वेगळी मदत घ्या: अभ्यासक्षेत्राच्या १० किलोमीटरमधल्या गावांत पिण्यासाठी कोण विहीर वापरतं आणि कोण नळयोजना, याची यादी. अहवालात बऱ्याचदा तालुक्याचा एकच ढोबळ आकडा असतो. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या वस्त्या वेगळ्या दाखवा.

होटगीरोड:
एक राहिलं. माळढोक अभयारण्याचं अंतर नान्नज गावापासून मोजलं असेल तर चूक आहे. अभयारण्याचे तुकडे विखुरलेले आहेत, जवळच्या तुकड्याच्या हद्दीपासून मोजायला लावा.

आता कार्यपद्धती. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागतात, तुमच्याकडे २२ आहेत. त्या भरवशावर राहू नका. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो, मराठी सारांशासह. एखाद्या ठिकाणी नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.

हरकत अशी लिहा: "प्रकरण अमुक, पान अमुक, स्पेंटवॉश इतका धरला, आधार दिलेला नाही, पुरवठादाराची हमी आणि बंद दिवसांचं वेळापत्रक जोडावं." एका मुद्द्याला एक परिच्छेद. सही गावकऱ्याची, निवृत्त अधिकाऱ्याचं टिपण पुरवणी म्हणून. सुनावणीआधीच मंडळाच्या सोलापूर कार्यालयात दोन प्रती द्या, एकीवर शिक्का मारून घ्या. "प्रकल्प नको" एवढंच शंभर जणांनी म्हटलं तर इतिवृत्तात ती एक ओळ होते. पान क्रमांकासह आलेला मुद्दा टाळता येत नाही; सुनावणीत आलेल्या पर्यावरणाच्या ठोस मुद्द्यांची दखल कंपनीला अंतिम अहवालात घ्यावी लागते, २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत तसं स्पष्ट आहे.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी लागतो. चित्रीकरण सक्तीचं आहे. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं जातं, तेव्हा उठून जाऊ नका. गाळलेला मुद्दा तिथंच घालून घ्या, कारण सही त्याच दिवशी होते. दोघा साहेबांना व्यासपीठावर बसवू नका, तुमच्या शेजारी बसवा. कंपनीचा सल्लागार उत्तर देताना आकडा बदलला की तेच आधी ओळखतील.

परवानगी मिळालीच तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. परिवेशवर प्रस्तावाचा क्रमांक आजच लिहून ठेवा आणि दर आठवड्याला उघडून बघा.