एकटेपणा हे सुखवस्तू माणसाचे दुखणे आहे का?

परळकर
एकटेपणाचा विषय निघाला की मुले परदेशी गेलेले, पार्ल्याच्या प्रशस्त घरात राहणारे वृद्ध दांपत्यच आपल्या डोळ्यांसमोर येते. माझे मत वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा जाणवतो. मात्र अल्प उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के आहे. याचे कारण मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. नाती टिकवायलाही पैसा लागतो. आहेर परवडत नाही म्हणून माणूस लग्नाला जायचे टाळतो, हातउसने घेतलेले फेडता येत नाहीत म्हणून जुन्या मित्राची गल्ली चुकवतो, आणि त्यातच मधुमेह किंवा गुडघेदुखी मागे लागली की राहिलेला संबंधही फोनपुरता उरतो.

दादरची वाचक
मी सहमत नाही. तुम्ही दिलेले आकडे देशांचे आहेत, व्यक्तींचे नव्हेत, आणि गरीब देशातला गरीब माणूसच अधिक एकटा असतो, असे त्यांतून सिद्ध होत नाही. याच अहवालात किशोरवयीन आणि तरुणांमध्ये एकटेपणा अधिक दिसतो; गरीब देशांची लोकसंख्या तरुण असते, त्यामुळे त्या फरकातला काही भाग वयाचाही असू शकेल. शिवाय चाळीत किंवा वस्तीत आजारी माणसाला शेजारीण पेज आणून देते, रात्री-अपरात्री चार जण त्याला केईएम रुग्णालयात पोहोचवतात. टॉवरमध्ये शेजाऱ्याचे आडनावसुद्धा ठाऊक नसते.

परळकर
वयाचा मुद्दा रास्त आहे. चाळीचे चित्र मात्र जुने झाले. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातील कित्येक कुटुंबे खोल्या विकून दूरच्या उपनगरांत गेली, आणि झोपडपट्टी पुनर्वसनातून अनेकांना २२५ किंवा २६९ चौरस फुटांची घरे बहुमजली इमारतींत मिळाली, जिथे दारासमोर गल्लीऐवजी अंधारा बोळ असतो. लिफ्ट बंद पडली आणि देखभालीचा खर्च रहिवाशांना झेपेना की दम्याचा रुग्ण सातव्या मजल्यावरच अडकून पडतो. वस्तीत ओट्यावर बसले तरी चार माणसे भेटत. इथे माणूस भेटायचा तर आधी जिने उतरावे लागतात.

आरोग्यसेविका, गोवंडी
तुम्ही दोघेही शेजाराबद्दल बोलत आहात, म्हणून क्षयरोगाचे सांगते. नटवर पारेख कंपाउंडसारख्या दाटीवाटीच्या वसाहतीत खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, आणि क्षयरोग अशाच घरांत पसरतो. योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारणपणे काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच ओसरतो, पण उपचार किमान काही महिने चालतात, आणि तेवढा काळ रुग्णाचे ताट-भांडे वेगळे ठेवले जाते. काम सुटेल या भीतीने तो आजार लपवतो. लपवायचे म्हणून लोकांत मिसळत नाही. आणि विचारपूस करणारे कोणी नसले की गोळ्या मध्येच सोडतो. पेज आणून देणारी शेजारीण या आजारात दारातूनच परत जाते, आणि तिला दोषही देता येत नाही, कारण तिच्याही खोलीत लहान मुले असतात. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेत पूर्वी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. त्यातून अंडी येतात, बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

दादरची वाचक
क्षयरोगापुरते मान्य करते. पण मग याला एकटेपणा कशाला म्हणायचे? बुडालेली मजुरी, बंद लिफ्ट आणि अपुरे निवृत्तिवेतन, ही सरळ सरळ गरिबीच आहे. माझी खरी हरकत इथेच आहे. एकदा एकटेपणा असे नाव दिले की शासन बागेत हास्यक्लब भरवते, नगरसेवक ज्येष्ठांची सहल काढतो आणि निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांत महिना कसा काढायचा, हा प्रश्न बाजूला पडतो.

परळकर
हास्यक्लबाबद्दल माझेही तुमच्यासारखेच मत आहे. तरीही उद्या १५०० चे ५००० झाले, तर सातव्या मजल्यावरच्या त्या रुग्णाची औषधे येतील, कदाचित उधारीही फिटेल. पण वर्षानुवर्षे न गेलेल्या घरी पुन्हा जाण्याची उभारी त्यातून आपोआप येईल, असे मला वाटत नाही. म्हणून आरोग्यसेविका घरी येते तेव्हा रक्तदाबाबरोबर ‘या आठवड्यात कोणाशी बोललात?’ हेही विचारून नोंदवले जावे, एवढीच माझी मागणी आहे.

आरोग्यसेविका, गोवंडी
विचारू, नक्की विचारू. पण आधीच्या नोंदवह्या भरायलाच दिवस पुरत नाही, आणि उत्तर ‘कोणाशीच नाही’ असे आले तर ते पुढे कोणाकडे पाठवायचे, हे त्या रकान्याबरोबरच ठरवून द्या.