मदत हवी आहे: माजी विद्यार्थी क्लबची यादी मिळत नाहीये

घाईगडबड
आमच्या विद्यापीठाच्या विभागीय माजी विद्यार्थी क्लबची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. नव्या पदवीधरांसाठी मेळावा ठेवलाय. हॉल ठरला, पाहुणे ठरले, पण बोलवायचं कोणाला तेच माहीत नाही. विद्यापीठाचं कार्यालय यादी देत नाही. आधीचे अध्यक्ष फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॅप ग्रुपवर मला काही टाकता येत नाही. यादी कशी मिळवायची? "कार्यालयाशी बोला" असं कृपया सांगू नका, बोलून झालंय.

मध्यममार्गी
जबाबदारी आली म्हणजे नेमकं काय झालं? निवड झाली, कार्यालयाने पत्र दिलं, की कोणीतरी "आता तूच बघ" म्हणालं?

घाईगडबड
आधीच्या अध्यक्षांनीच सांगितलं. कार्यालयाला माहीत आहे. त्याचा यादीशी काय संबंध?

मध्यममार्गी
संबंध तिथेच आहे. बरीच विद्यापीठं आधी स्वयंसेवकाचं नाव नोंदवतात, गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात आणि मगच लोकांची माहिती दाखवतात. तुमची सही झाली आहे का?

शेवटचा बाक
यादी मागूच नका हो. युरोपात २५ मे २०१८ ला जीडीपीआर (लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा) लागू झाला, तेव्हापासून आमच्या विद्यापीठाने शाखांना फोन-पत्ते देणं बंदच केलं. आता आम्ही मजकूर लिहून देतो आणि कार्यालय त्या भागातल्या पत्त्यांवर मेल पाठवतं. मेलमध्ये आमच्या फॉर्मची लिंक असते. जो फॉर्म भरतो आणि "मला पुढेही कळवा" यावर टिचकी मारतो, तो आमच्या यादीत. एक-दोन कार्यक्रमांत स्वतःची यादी तयार होते, तीही लोकांच्या संमतीने. आणि यादी मिळालीच तरी साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांच्या वर मेल जात नाही, हे लक्षात असू द्या.

खारुताई
बाकांना +१, पण नव्या पदवीधरांसाठी हे पुरणार नाही. त्यांचा नोंदलेला पत्ता आईवडिलांच्या घरचा असतो आणि मेल विद्यापीठाने दिलेला, जो पुष्कळदा पदवीनंतर बंद होतो. म्हणजे निमंत्रण जाणार भलत्यांनाच. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा टॅब असतो. तिथे ठिकाण आणि वर्ष निवडलं की माणसं दिसतात. आमच्या क्लबात तरुण मंडळी आली ती सगळी तिथूनच.

कावळोबा
अनोळखी माणसाचा लिंक्डइनवर मेसेज आला की मी तो न वाचता उडवतो. विमा विकणारे काय कमी आहेत? व्हॉट्सॅपच खरं. तुम्हाला टाकता येत नाही याचा अर्थ तिथे फक्त ॲडमिनना लिहिता येतं. ॲडमिन करून घ्या, विषय संपला. एक लक्षात ठेवा, ग्रुप ज्याने काढला त्याचं ॲडमिनपद दुसऱ्याला काढता येत नाही, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत. आणि सभासदांची मर्यादा १,०२४.

घाईगडबड
ॲडमिन एकटे अध्यक्षच आहेत आणि ते फोन उचलत नाहीत!! वर लिहिलंय की.

खारुताई
पण का उचलत नाहीत? ज्यांनी स्वतःहून काम सोपवलं ते असे एकदम गप्प का?

घाईगडबड
मागच्या मेळाव्याचा हिशेब मागितला होता. पण तो वेगळा विषय आहे.

मध्यममार्गी
वेगळा?? अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. क्लबचे पैसे कोणाच्या खात्यात आहेत?

घाईगडबड
त्यांच्याच. वैयक्तिक.

मध्यममार्गी
मग यादी राहू द्या बाजूला. हॉलच्या करारावर सही कोणाची? विद्यापीठाच्या वतीने करार करायचा अधिकार स्वयंसेवकाला सहसा नसतो. तुमच्या नावाने सही असेल तर कार्यक्रम फसल्यावर हॉलवाला तुमच्याच दारात येईल. क्लबचं खातं वेगळं आणि दोन सह्यांचं हवं. ते जमत नसेल तर नोंदणीचे पैसे थेट विद्यापीठाकडे जमा होऊ देत.

कावळोबा
चार पैशांच्या हिशेबावरून रामायण! त्या बिचाऱ्याने कितीदा पदरचे घातले असतील, ते कोणी विचारलं का? स्वयंसेवक आहे, नोकर नाही. आल्या आल्या हिशेब मागितला तर मीही फोन उचलणार नाही.

मध्यममार्गी
पदरचे घातले असतील तर हिशेब आधी त्यालाच हवा. नाहीतर परत कसे मिळणार?

खारुताई
म्हणून तर मुदत ठरलेली असावी. दोन वर्षं अध्यक्ष, आणि पुढचा माणूस आधीच्या वर्षापासून बरोबर काम करणारा. पासवर्ड, फॉर्म, फेसबुकचं पान सगळं क्लबच्या नावाच्या मेल खात्यावर. माणूस गेला तरी किल्ल्या जागेवर राहतात.

ज्ञानकोंडा
अवांतर: अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची १८२१ सालची संघटना ही माजी विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी संघटना मानतात. कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना घेऊन निघून गेले आणि नव्या ॲमहर्स्ट कॉलेजचे अध्यक्ष झाले. मागे उरलेलं कॉलेज बंद पडू नये म्हणून माजी विद्यार्थी एकत्र आले.

शेवटचा बाक
म्हणजे जाणाऱ्या अध्यक्षांचा त्रास तेव्हापासूनचा. (हलके घ्या.)

घाईगडबड
कार्यालयाचं उत्तर आलं. मेल ते पाठवतील, पण मजकूर परवापर्यंत हवा आणि बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरायचं नाही म्हणे. कोणाकडे नमुना आहे का?

खारुताई
नमुना कशाला? विषयातच गाव, तारीख, वेळ टाका. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठल्या वर्षाचे. लिंक एकच द्या. आणि "स्नेहमेळावा" लिहू नका, पोरांना वाटतं सगळे निवृत्त लोक असणार. कोणत्या क्षेत्रातली माणसं भेटतील ते लिहा, नव्या गावात त्यांना तेच हवं असतं. बाय द वे, तारीख काय आहे? तुम्ही ती अजून कुठेच लिहिलेली नाही.

मध्यममार्गी
आणि सही झाली का, तेही राहिलंच.

कावळोबा
अध्यक्षांना एकदा घरी जाऊन भेटा. हिशेबाचं नाव काढू नका. ग्रुप पाच मिनिटांत मिळेल.

मध्यममार्गी
आणि हिशेब कधीच मिळणार नाही.

नवखा
धाग्यावरच विचारतो. मी शेवटचं वर्ष अर्धवट सोडलं, पदवी नाही. अशा क्लबात मला येता येईल का?

शेवटचा बाक
विद्यापीठाच्या नियमांवर आहे. अनेक ठिकाणी काही काळ शिकलेला माणूसही माजी विद्यार्थी धरतात. देणगी मागणारी पत्रं तुम्हाला येतात का? येत असतील तर त्यांच्या लेखी तुम्ही आहातच.