सहापैकी पाच सामने हरलेल्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघातील खेळाडूंचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न: क्रीडा संचालक, लातूर जिल्हा

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात मी क्रीडा संचालक आहे. माझा स्वतःचा खेळ व्हॉलीबॉल असून बास्केटबॉलची जबाबदारी पदाबरोबर आली, हे आधीच कबूल करतो. आमच्या मुलांच्या संघाने दिवाळीपर्यंत सहा सामने खेळले आणि त्यांपैकी पाच गमावले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी मला बारा जणांची यादी नक्की करायची आहे आणि सरावाला सध्या सोळा मुले येतात.

माझ्याजवळ सहाही सामन्यांची गुणपत्रके आहेत. (आमच्या जर्सी जुन्या, म्हणजे ४ ते १५ क्रमांकांच्याच आहेत, म्हणून येथे क्रमांकानेच लिहितो.) क्रमांक ७ प्रत्येक सामन्यात चौदा ते अठरा गुण करतो. क्रमांक ११ सहा-आठ गुणांवर थांबतो. क्रमांक १४ सर्वांत उंच आहे, परंतु चौथ्या सत्रापर्यंत त्याचे पाच फाउल होऊन तो बाहेर गेलेला असतो. क्रमांक ४ आमचा कर्णधार असून चेंडू तोच पुढे आणतो. क्रमांक ९ ने सहा सामन्यांत मिळून दोन गुण केले आहेत आणि सोयाबीनच्या काढणीसाठी तो बारा दिवस सरावाला आला नाही. माझ्या दृष्टीने ९ ला वगळणे हा सर्वांत सोपा निर्णय आहे. तरीही एक गोष्ट समजत नाही. इतके गुण करणारा ७ आपल्याकडे असताना आपण हरतो कसे? खेळाडूचे मोल ठरवण्याची एखादी पद्धत, जी घड्याळ आणि वही एवढ्याच साधनांत बसेल, ती जाणकारांनी सांगावी.

उत्तर १: टेबलावरचा माणूस, नांदेड

सर, आपला प्रश्न योग्य आहे, परंतु आपण ज्या कागदाकडे पाहत आहात त्या कागदावर त्याचे उत्तर मिळणार नाही. गेली अनेक वर्षे मी स्कोअररच्या टेबलावर बसतो, म्हणून खात्रीने सांगतो की अधिकृत गुणपत्रक हे सामन्याचा निकाल आणि नियमपालन यांची नोंद ठेवण्यासाठी असते. त्यात झालेला प्रत्येक गुण, प्रत्येक फाउल आणि टाइम-आउट लिहिला जातो, परंतु चुकलेली फेक, रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर रिंगवरून परतलेला चेंडू पकडणे), हातातून गेलेला चेंडू आणि दुसऱ्याला गुण मिळवून देणारा निर्णायक पास (असिस्ट) यांना तेथे जागाच नाही. बदली खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरला एवढी खूण होते, पण तो नंतर किती वेळा आत-बाहेर झाला ते कळत नाही. त्यामुळे ज्याने गुण केले तो मोठा, असे मत या कागदावरून आपोआप तयार होते.

आता मोजायचे काय, ते सांगतो. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळजवळ सारख्याच वेळा मिळतो, म्हणून एका ताब्यामागे किती गुण झाले हे खरे माप आहे. ताबे मोजण्याचे प्रचलित सूत्र असे आहे: रिंगवर केलेल्या फेकांमधून आक्रमणातील रिबाउंड (आपलीच फेक चुकल्यावर आपणच परत मिळवलेले चेंडू) वजा करावेत, त्यात गमावलेले चेंडू मिळवावेत आणि मिळालेल्या सर्व फ्री थ्रोंच्या (फाउलनंतरच्या विनाअडथळा फेकांच्या) संख्येला ०.४४ ने गुणून तेही मिळवावेत. हा ०.४४ अमेरिकी व्यावसायिक सामन्यांवरून आलेला आहे. आपल्याकडे तो तंतोतंत बसेल असे नाही, पण एका संघाची त्याच संघाशी तुलना करायला पुरेसा आहे.

दुसरे माप फेकीचे. यशस्वी फेकांमध्ये तीन गुणांच्या यशस्वी फेकांची निम्मी संख्या मिळवावी आणि एकूण फेकांनी भागावे. समजा, एकाने वीस फेका केल्या, सहा गेल्या आणि त्यांपैकी एक ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून, म्हणजे तीन गुणांची होती, तर साडेसहा भागिले वीस, म्हणजे साडेबत्तीस टक्के. असा खेळाडू फ्री थ्रो धरून सोळा गुण करील आणि टाळ्याही घेईल, परंतु त्याने चौदा वेळा चेंडू रिंगवर आपटून बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेला असेल. डीन ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने सामना ठरवणारे चार घटक मांडले आणि त्यांना अंदाजे वजनही दिले: फेकीची परिणामकारकता ४०, चेंडू गमावणे २५, आक्रमणातील रिबाउंड २० आणि फ्री थ्रो १५ टक्के. आपल्या भागातील महाविद्यालयीन सामने पाहून माझे स्वतःचे मत असे झाले आहे की येथे दुसऱ्या घटकाचे वजन पहिल्याइतकेच धरावे, कारण आपली मुले फेक करण्यापूर्वीच चेंडू घालवतात.

राखीव बाकावरील दोन मुलांना वही द्या. एकाने फक्त फेका लिहाव्यात: कोणी, कुठून, गेली की चुकली. दुसऱ्याने फक्त गमावलेले चेंडू लिहावेत, आणि त्यात प्रकार नोंदवावा: चुकीचा पास, ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावले टाकणे), ड्रिबलमधून (चेंडू जमिनीवर आपटत नेताना) हिसकावला, आठ सेकंदांत अर्धे मैदान ओलांडले नाही. आपण स्वतः प्रत्येक बदलीच्या वेळी घड्याळ आणि फलक लिहा. तिघांत मिळून हे सहज होते. एकाच मुलाला सर्व लिहायला लावले, तर तो दुसऱ्या सत्रात सामना पाहू लागतो.

उत्तर २: माजी गार्ड, परभणी

वरील सरांचे म्हणणे मला पटते, परंतु आकडे हाती आल्यावर ते वाचायचे कसे, यावर दोन शब्द लिहिते, कारण अशाच एका वहीमुळे मला द्वितीय वर्षात संघाबाहेर बसावे लागले होते. आमच्या सरांनी फेकांची टक्केवारी काढली, माझी सर्वांत कमी निघाली आणि विषय संपला. चोवीस सेकंदांत फेक करावीच लागते, पण आमच्या मैदानावर त्यासाठीचे विजेचे घड्याळ नव्हते. स्टॉपवॉच घेतलेली मुलगी शेवटचे पाच सेकंद ओरडून मोजायची, आणि तिचा आवाज सुरू झाला की बाकी चौघी चेंडू माझ्याकडे फेकून मोकळ्या व्हायच्या. त्या अवस्थेत, दोघींच्या हातांवरून टाकलेली फेक चुकली, तर ती टक्केवारी माझी की संघाची? म्हणून क्रमांक ७ च्या फेका लिहिताना शेवटच्या पाच सेकंदांतील फेकांवर वेगळी खूण करावी, अशी माझी विनंती आहे.

त्याच्याशी एकदा बोलूनही पाहावे. विद्यापीठ संघाची निवड याच स्पर्धेतून होते, शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाचे स्वप्न अनेक घरांत असते, आणि निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांत गुणच भरतात अशी मुलांची पक्की समजूत असते. ती समजूत खरी असो वा नसो, ती डोक्यात असलेला मुलगा मोकळ्या सोबत्याला पास देणार नाही.

आणि काढणीबद्दल. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला गेलेला मुलगा सरावाला कंटाळून गेलेला नसतो, मजूर मिळत नाहीत आणि आभाळ आलेले असते म्हणून गेलेला असतो. बारा दिवस वाकून काम केल्यावर परतलेल्या खेळाडूची उडी आणि हात दोन्ही आठवडाभर जड असतात. त्या आठवड्यातील सामन्यावरून त्याचे मूल्यमापन करू नये. आमच्या संघातील निम्म्या मुली खो-खोतून आलेल्या होत्या. (या खेळात धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, ही आम्हा मराठवाड्याच्या मुलींची अभिमानाची जागा आहे.) त्यांना फेक येत नव्हती, म्हणून पहिल्या वर्षी त्या बाकावरच बसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांना प्रतिस्पर्ध्यांच्या चेंडू आणणाऱ्या मुलीवर सोडले, तेव्हा त्यांचे ते वळणारे पाय किती कामाचे आहेत हे कळले.

उत्तर ३: पाहुणा, बीड

एवढे गणित कशाला? क्रमांक ७ ला दोन सामने बाकावर बसवा, सर्व सरळ होईल.

उत्तर ४: निवृत्त पंच, जालना

बीडच्या पाहुण्यांनी राग मानू नये, परंतु चौदा-सोळा गुण करणाऱ्याला बसवले तर प्रतिस्पर्धी उरलेल्या चौघांवर निर्धास्तपणे चढून येतील. क्रमांक ११ ला रिंगखाली जे सोपे चेंडू मिळतात, ते ७ वर दोन जण धावतात म्हणूनच मिळतात का, हे आधी पाहावे लागेल.

माझा मुद्दा निराळा आहे. वही आक्रमण टिपते, बचाव टिपत नाही. बचाव पाहायचा असेल तर एका सत्रात चेंडूकडे पाहूच नये. एक खेळाडू निवडावा आणि दहा मिनिटे केवळ त्याचे पाय पाहावेत. त्याच्या समोरचा मुलगा किती वेळा त्याला ओलांडून गेला, फेक झाल्यावर तो मागे वळून प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवतो की चेंडूकडे पाहत उभा राहतो, आपला चेंडू गेल्यावर परत धावताना त्याची पहिली तीन पावले कशी पडतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आपल्या क्रमांक १४ चे पाच फाउल कोठे झाले तेही तपासा. माझा अनुभव असा की उंच मुलाचे बहुतेक फाउल हे त्याचे नसतात. बाहेरचा गार्ड (रिंगपासून दूर खेळणारा खेळाडू) ओलांडला जातो, आक्रमक थेट रिंगखाली येतो, आणि गुडघे ताठ ठेवून उभा असलेला उंच मुलगा वरून हात मारतो. दोष दोघांचा असतो, शिट्टी एकावर वाजते. शिवाय एका सत्रात संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, तेव्हा ही चूक दुप्पट महाग पडते. १४ च्या घोट्यांपासून दोन वीत अंतरावर दोरी बांधून, गुडघे वाकवून तिच्या दोन्ही बाजूंना सरकण्याचा सराव रोज दहा मिनिटे द्यावा. मी मुलांकडून तो करून घेत असे.

प्रश्नकर्ता: क्रीडा संचालक, लातूर जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन मैत्रीपूर्ण सामन्यांत नोंदी केल्या, त्या येथे देतो.

पहिला सामना आम्ही ४८-६१ असा हरलो. आमच्या फेका ६२, यशस्वी २०, त्यांत तीन गुणांच्या दोन, फ्री थ्रो १६ पैकी ६, आक्रमणातील रिबाउंड ९ आणि गमावलेले चेंडू तब्बल २४. सूत्राने ८४ ताबे येतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक साडेतीन ताब्यांपैकी एकात आम्ही फेकच केली नाही. वहीतील प्रकार पाहिले तेव्हा डोळे उघडले. चोवीसपैकी अकरा चेंडू आमच्याच अर्ध्या मैदानात, प्रतिस्पर्ध्यांनी पूर्ण मैदानभर दबाव टाकल्यावर गेले होते, आणि त्यांतील सात आमच्या कर्णधाराच्या, क्रमांक ४ च्या हातून. गुणपत्रकावर त्याच्या नावापुढे यातले काहीच दिसत नव्हते.

क्रमांक ७ ने वीस फेकांत सहा साधल्या. परभणीच्या मॅडमनी सांगितलेली खूण केली होती: आठ फेका शेवटच्या पाच सेकंदांतील होत्या आणि त्यांपैकी एकच गेली. उरलेल्या बारांत पाच गेल्या, त्यांत एक तीन गुणांची, म्हणजे सुमारे सेहेचाळीस टक्के. मुलगा वाईट फेकणारा नाही. चेंडू पुढे यायलाच उशीर होत असल्यामुळे त्याच्या वाट्याला उरलेसुरले सेकंद येत होते.

आणि क्रमांक ९. तो नऊ मिनिटे खेळला, एकही गुण केला नाही, आणि त्या नऊ मिनिटांत फलक आमच्या बाजूने १४-११ असा सरकला. उरलेल्या एकतीस मिनिटांत आम्ही ३४-५० असे मागे होतो. नऊ मिनिटांवरून निष्कर्ष काढू नये हे मला समजते, म्हणून दुसऱ्या सामन्यात त्याला चोवीस मिनिटे दिली आणि चेंडू आणण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. तो दोन बोटांनी इशारा करून आधी ११ ला मध्यरेषेजवळ बोलावतो, त्याच्याकडे पास टाकतो आणि स्वतः पुढे पळून तोच चेंडू परत घेतो. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नव्हती. गमावलेले चेंडू पंधरावर आले. सामना मात्र ५२-५५ असा हरलोच, कारण शेवटच्या दोन मिनिटांत आमचे चार फ्री थ्रो चुकले.

सामन्यानंतर ७ गुणपत्रकाचा फोटो घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आज बाराच झाले. निवडीत कसं होणार?" मॅडमनी ओळखले होते तेच निघाले. मी त्याला वहीतील त्याचे पान दाखवले: तेरा फेका, पाच यशस्वी, तीन असिस्ट, आणि गमावलेला चेंडू एकही नाही. तो बराच वेळ पान उलटसुलट पाहत होता, मग त्याने त्या पानाचाही फोटो काढून घेतला. विद्यापीठाच्या निवडीसाठी जाताना प्रत्येक मुलाबरोबर त्याचे असे पान द्यायचे मी ठरवले आहे. निवड करणारे ते पाहतील की नाही, हा भाग वेगळा.

यादी आता अशी आहे की ९ आत आहे आणि सुरुवातीच्या पाचांत आहे, ४ कर्णधारच राहील परंतु चेंडू आणणार नाही, आणि ज्या चौघांना वगळले त्यांना वही लिहिण्याचे काम विचारून पाहिले, तर दोघे तयार झाले. जालन्याच्या सरांनी सांगितलेली दोरी १४ साठी सोमवारपासून बांधतो. मैदानावरचा एक दिवा बंद असल्यामुळे सायंकाळी साडेसहानंतर ती दिसत नाही, म्हणून त्याला सकाळी सहाला बोलावले आहे.